त्रेचाळीस इंच आणि एक खड्डा

मी मुळात भित्री बाई नव्हते. शाळेच्या किचनशेडमध्ये निघालेला साप मी स्वतः काठीने बाहेर काढलेला आहे, आणि गच्च भरलेल्या जीपच्या मागच्या फळीवर उभी राहून पाच वर्षं नोकरीवर गेलेली आहे. आता मात्र कुठल्याही खोलीत शिरले की माझी नजर आधी भिंतीवर जाते, मेन बटन कुठं आहे ते बघायला. लग्नात जेवायला बसताना कूलरपासून चार हात लांबची जागा धरते. नवरा म्हणतो, तुला कुणीतरी करणी केली. केलीच आहे. करणारे गृहस्थ आमच्या शाळेचे मुख्याध्यापक होते.

जिंतूरहून बोरीकडे जाताना मध्येच एका फाट्यावर उतरून आत चालत गेलं की आमची शाळा. पहिली ते चौथी, शिक्षक दोन, सर आणि मी. सर अंगाने किडकिडीत, शर्ट कायम पांढरा, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. सही करायची वेळ आली की माझं पेन मागायचे. कुठल्याही लोखंडी वस्तूला आधी हाताची पालथी बाजू लावायचे, मग तळहात. मी पहिल्याच आठवड्यात हसून विचारलं तेव्हा म्हणाले, "मॅडम, करंट असला तं मूठ आवळतीय. तळहात लावला की गेलात चिकटून. पालथा लावला तं हात मागं फेकला जातोय." हे सांगताना ते शाळेच्या फाटकाला हात लावत होते. त्या फाटकाच्या आसपास विजेची तारसुद्धा नव्हती.

त्यांना सगळ्याचीच भीती वाटायची. आभाळ आलं की लिंबाखाली खेळणारी पोरं आत. बोरांच्या दिवसांत पहिलीच्या पोरांना समोर बसवून बोरं खायला लावायचे आणि बिया हातात मोजून घ्यायचे, एखादी घशात राहिली नाही ना म्हणून. एक बी कमी भरली त्या दिवशी एका पोराला त्यांनी अर्धा तास नुसतं बोलतं ठेवलं. तो बिचारा पाढे म्हणून म्हणून दमला. शेवटी बी त्याच्याच चड्डीच्या खिशात निघाली. हजेरी दिवसातून चार वेळा व्हायची, तीही आकडा मोजून नाही, एकेक नाव घेऊन. "आकडा बरोबर येतो आन् पोरगं भलतंच असतंय," म्हणायचे.

मला वाटायचं, या माणसाच्या आयुष्यात पूर्वी काहीतरी भयंकर घडलेलं असणार. एकदा डबा खाताना धीर करून विचारलं, "सर, आधीच्या शाळेत काही झालं होतं का?"

त्यांनी घास खाली ठेवला. "न्हाई. इतके वर्ष झाले, एकाबी लेकराला काई झालं न्हाई."

"मग एवढं कशाला भ्यायचं?"

"काईच झालं न्हाई म्हणून तं भ्या वाटतंय, मॅडम."

मी चटणी पुढे सरकवली.

टीव्हीचं प्रकरण निघालं ते पिवळ्या व्हॅनमुळे. बोरीच्या बाजूला एक इंग्रजी शाळा निघाली होती आणि तिची व्हॅन आमच्या गावात यायला लागली. तिथं म्हणे भिंतीएवढा टीव्ही होता. आमचा पट एकेका पोराने गळायला लागला. आणखी थोडा गळला की एका शिक्षकाची उचलबांगडी होणार, आणि पुढे शाळेलाच कुलूप लागणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. शाळा समितीचा अध्यक्ष तरुण होता, तडफदार होता. त्याने दारोदार फिरून वर्गणी केली आणि सभेत जाहीर केलं, "पंचावन्न इंची टीव्ही बसवायचा. त्यांच्या व्हॅनवाल्यानं काचेतून पाह्यला पाह्यजे."

टाळ्या पडल्या. सर उभे राहिले आणि म्हणाले, "अर्थिंग न्हाई आपल्या शाळंला."

कुणाला काही कळलं नाही. मला कळलं आणि मी कपाळाला हात लावला. गोळा झालेली वर्गणी पंचावन्न इंचाला जेमतेम पुरत होती. जमिनीत खड्डा खणून, तांब्याची पट्टी पुरून, कोळसा-मीठ भरून, शाळेची सगळी वायर नव्याने ओढायची म्हटली तर टीव्हीतूनच पैसे कापावे लागणार होते.

"बघू," म्हणाला अध्यक्ष. "आधी टीव्ही तं आणा, गुरुजी."

परभणीला दुकानात गेलो तेव्हा सरांच्या पिशवीत दोन वस्तू होत्या. एक पेनड्राइव्ह आणि एक सुतळीचं बंडल. दुकानदाराने कौतुकाने समुद्रातले रंगीत मासे लावून दाखवले, मग बर्फाचे डोंगर दाखवले. सर म्हणाले, "हे ऱ्हाऊ द्या. आमच्या शाळंत मासे न्हाईत." त्यांनी पेनड्राइव्ह लावायला लावला. त्यात एकच पान होतं, दुसरीच्या धड्याएवढ्या अक्षरातलं. मग सुतळी काढली. तिला ओळीने गाठी मारलेल्या होत्या. वर्गाची लांबी त्यांनी मोजून आणली होती. पोरं जिथं जिथं बसतात तिथं तिथं एक गाठ. सुतळीचं टोक त्यांनी टीव्हीच्या पायाशी माझ्या हातात दिलं आणि पहिल्या गाठीवर फरशीवर मांडी घालून बसले.

"सर, खुर्ची घ्या ना," दुकानदार म्हणाला.

"पोरं खालीच बसतेत."

गाठीगाठीने मागे सरकत गेले. दुकान संपलं, गाठी संपल्या नाहीत. शेवटची गाठ दुकानाच्या पायरीखाली रस्त्यावर गेली. सर तिथं जाऊन बसले. मागून ऑटोवाले हॉर्न देत होते, माणसं थांबून बघत होती आणि मी मुठीत सुतळी धरून लाजेने अर्धी झाले होते. शेवटच्या गाठीवर चौथीतली एक मुलगी बसायची. तिला चष्मा लागलेला होता, पण तो वर्षातून सहा महिने तुटलेलाच असे. सर त्या जागेवरून डोळे बारीक करून बघत होते.

पंचावन्न इंची लावला तेव्हा ते म्हणाले, "दिसायलंय." त्रेचाळीस इंची लावला तेव्हा म्हणाले, "ळ दिसंना."

मी जाऊन बघितलं. मला चांगला दिसत होता. तसं मी म्हणाले तर सर कपडे झटकत उठले आणि म्हणाले, "तुमची नजर धरून कसं भागंल? ज्याला कमी दिसतंय त्याची धरायची." तेव्हा त्यांच्या स्वतःच्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत होता. ते मला पुढे कळलं.

मला हायसं वाटलं. आता पंचावन्नच घेणार, खड्डा गेला खड्ड्यात. पण सर सुतळी गुंडाळत बराच वेळ उभे राहिले. मग माझ्याकडून पेन घेतलं, दुकानाच्या जाहिरातीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वर्गाचा चौकोन काढला, त्यात रांगा काढल्या, आणि त्या खोडून अर्धगोल काढला. "पोरांलाच पुढं घेऊ. शेवटची गाठच ठिवायची न्हाई." दुकानदाराला म्हणाले, "त्रेचाळीसचा द्या."

येताना बसमध्ये मी त्यांच्याशी बोलले नाही. मला व्हॅन दिसत होती, बदली दिसत होती, आणि घरी माझं तीन वर्षांचं पोरगं होतं. सर टीव्हीच्या खोक्याला दोन्ही हातांनी धरून बसले होते. पिंगळीजवळच्या त्यांच्या गावात त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र जुना डबाच चालू होता, मागे पोट आलेला.

गावाने त्रेचाळीस इंच पाहिले आणि जे व्हायचं ते झालं. अध्यक्ष शाळेच्या ओट्यावर उभा राहून सगळ्यांसमोर म्हणाला, "पंचावन्न ठरलं, त्रेचाळीस आणला, आन् बाकीचा पैसा गुरुजीनं मातीत पुरला!" आणि ते अगदी खरं होतं. खड्डा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खणला होता. त्यातून एक पाइप वर काढला होता, त्यात दर शनिवारी दोन बादल्या पाणी ओतायचं. वायरमनने सांगितलं होतं, खड्डा ओला पाहिजे. सुकला की करंट जमिनीत जात नाही, मग माणसातून जातो.

त्या महिन्यात व्हॅनमध्ये आणखी दोन पोरं चढली. मी सरांना म्हणाले, "तुमच्या खड्ड्यापायी गेली ही दोन." सर त्या दोघांची नावं हजेरीत रोज घेत राहिले, आणि पोरं ओरडायची, "गेला, सर!"

मेन बटनाचंही तसंच. वायरमन ते दाराच्या वर लावत होता, सगळीकडे लावतात तसं, पोरांचा हात पोचू नये म्हणून. सरांनी ते दाराशेजारी, दुसरीच्या पोराच्या खांद्याएवढ्या उंचीवर लावायला लावलं. वायरमन वैतागला. "गुरुजी, पोरं खेळतेल की त्याच्यासंगं!"

"खेळू द्या. मोठ्या माणसाच्या हाताला बटन देऊन काय फायदा? मोठं माणूस त्या वक्ताला येडं होतंय."

मग दर शनिवारी प्रार्थनेनंतर कवायत. सर टीव्हीच्या लोखंडी स्टँडला धरून चिकटल्याचं सोंग करायचे, थरथरायचे. दाराजवळचं पोर धावून बटन पाडायचं आणि बाकी सगळी पोरं एका सुरात ओरडायची, "हात लावू नका!" मी ऑफिसात बसून तोंडात पदर कोंबून हसायची. एकदा तपासणीला आलेले साहेब ते बघून इतके चक्रावले की शेरेबुकात काय लिहावं ते त्यांना सुचेना.

मार्चमध्ये सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. तीन आठवडे रजा. जाताना त्यांनी मला सुट्टीचा अर्ज दिला, चाव्या दिल्या आणि तीनदा सांगितलं, "शनिवारी पाणी." दर शनिवारी त्यांचा फोन यायचा, तोही तेवढ्यासाठीच.

पहिल्या शनिवारी टँकर आला नव्हता. शाळेच्या ड्रममध्ये तळाला पाणी होतं. पोरं तहानेने कासावीस, आणि मी जमिनीला पाणी पाजू? नाही घातलं. दुसऱ्या शनिवारी पाणी होतं, पण माझ्या डोक्यात राग होता. सर नव्हते, कवायत नव्हती, शाळा कशी मोकळी मोकळी वाटत होती. तिसऱ्या शनिवारी मी विसरले. फोनवर मात्र तिन्ही वेळा सांगितलं, "घातलं, सर."

त्यानंतरचा सोमवार. खिचडी खाऊन पोरं हातपाय धुऊन ओल्या पायांनी वर्गात आली. मी टीव्ही लावला आणि फळ्याकडे तोंड करून तारीख लिहीत होते. मागे गलका चालू होता. तो थांबला. पोरांचा गलका हळूहळू कमी होतो, तो असा कापल्यासारखा थांबत नाही. मी वळून पाहिलं.

ती चष्म्याची मुलगी स्टँडला धरून उभी होती. अर्धगोलामुळे ती आता टीव्हीच्या अगदी जवळ बसायची. चष्मा नेहमीप्रमाणे तुटलेला, म्हणून उठून अक्षर जवळून बघायला गेली असणार. तिचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. डोळे माझ्याकडे लागलेले. हाताची मूठ स्टँडभोवती आवळलेली, आणि सगळं अंग बारीक बारीक थरथरत होतं. सर सोंग करायचे तसं नव्हतं ते. सरांना ते नीट करता येत नव्हतं हे मला तेव्हा कळलं.

मी वेडी झाले. बटन, कवायत, काही म्हणजे काही आठवलं नाही. मी खडू टाकला आणि दोन्ही हात पुढे करून तिला ओढायला धावले. तेवढ्यात पाठीमागून, बाजूने, सगळीकडून एकच ओरडा झाला, "हात लावू नका!" चिमुकल्या पोरांनी आपल्या बाईंवर असं ओरडावं! दोघा-तिघांनी मागून माझा पदर धरून ठेवला. मी थबकले. माझी बोटं तिच्या खांद्यापासून वीतभर लांब होती.

खट् आवाज झाला. टीव्ही विझला. मुलगी खाली कोसळली.

दारात दुसरीतली एक बारकी पोरगी उभी होती. तिची खिचडी नेहमी सगळ्यांच्या शेवटी संपायची. एका हातात ताट, दुसरा हात बटनावर. ती रडत नव्हती. "पाडलं, बाई," म्हणाली.

खाली पडलेल्या मुलीने श्वास घेतला तो मला ऐकू आला. मग ती रडायला लागली. तिचं रडणं ऐकून मी तिथंच फरशीवर बसले. तिच्या तळहातावर एक लाल रेघ उठली होती, बाकी काही नाही. गावातल्या एकाच्या स्कूटीवर मधे बसवून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी छाती तपासली, तासभर बसवून ठेवलं, ठीक आहे म्हणाले. तिच्या आईला मात्र मी सांगितलं की पोरीला उन्हाने चक्कर आली. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पोरांना म्हणाले, "सरांचं ऑपरेशन झालंय. त्यांना काही सांगू नका, काळजी करतील." पोरांनी माना डोलावल्या. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

वायरमनने येऊन पाहिलं. स्टँडवर ठेवलेल्या स्टॅबिलायझरमधली वायर जळून त्याच्या पत्र्याला लागली होती. "खड्डा ओला असता तं कवाच बटन आपोआप पडलं असतं," तो म्हणाला. "कोरडा ठणठणीत हाय. पाणी कोण घालतंय?" मी म्हणाले, मीच. त्या संध्याकाळी ड्रममधलं होतं नव्हतं ते सगळं पाणी मी त्या पाइपात ओतलं. माती पीत राहिली आणि मी ओतत राहिले.

तेव्हापासून मला झोप नव्हती. सर काळा चष्मा लावून परत आले, सगळीकडे फिरले, बटनाजवळ थोडा वेळ थांबले, खड्ड्याजवळ थांबले. काही विचारलं नाही. रोज सकाळी फाट्यावर उतरले की वाटायचं, आज कुणीतरी सांगितलं असेल.

निकालाच्या दिवशी सरांचा निरोप समारंभ ठेवला, कारण ते मेअखेर रिटायर होणार होते. हार, शाल, नारळ झालं. अध्यक्ष गोड बोलला, त्या दिवशी सगळेच गोड बोलतात. सर बोलायला उठले. लोकांना वाटलं आता तासभर ऐकावं लागणार. ते म्हणाले, "चौतीस वर्ष नोकरी केली. काईच झालं न्हाई. एकाबी लेकराला काई झालं न्हाई." आणि बसले.

लोक हसले. अध्यक्ष शेजाऱ्याला म्हणाला, "काईच केलं न्हाई म्हणायलेत की गुरुजी." पहिल्या रांगेत ती मुलगी नवा चष्मा लावून बसली होती आणि थेट माझ्याकडे बघत होती. मी शालीच्या घड्या घालायला लागले. घातलेल्याच घड्या पुन्हा घातल्या.

सगळे गेल्यावर आम्ही ऑफिसात चार्ज देण्याघेण्याला बसलो. जडवस्तू रजिस्टर, हजेरी, शिक्के. शेवटी सुतळीचं बंडल त्यांनी टेबलावर ठेवलं. माझ्याने राहवलं नाही.

"सर, मला काहीतरी सांगायचंय."

"मला ठाव हाय."

"कुणी सांगितलं?"

"कुणीच न्हाई. पोरांला मी इचारलंच न्हाई. इचारलं असतं तं मॅडमचं ऐकावं का सराचं, अशी पंचाईत झाली असती त्यांची." ते दाराकडे बघत होते. "बटनावर हळदीचे बोटं हुते. खिचडीचे. बारके. चष्म्याची पोरगी स्टँडच्या जवळबी जाईना. आन् खड्ड्याच्या भवती चिखल झालेला. इतकं पाणी माणूस भ्यायल्यावरच घालतंय."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं.

"मग तुम्ही आज सगळ्यांसमोर काहीच झालं नाही, असं का म्हणालात?"

"पोरगी म्होरं बसलेली हुती की. दिसली न्हाई का तुमाला?"

मी डोळे पुसले. त्यांनी माझं पेन मागून घेतलं, रजिस्टरवर सही केली, पेन परत दिलं. चाव्यांचा जुडगा मात्र हातातच धरून ठेवला.

"भ्या वाटलं का त्या दिशी?"

"लय वाटलं, सर."

"आन् आता?"

"आताही वाटतंय. रोज वाटतंय. सकाळी फाट्यावर उतरले की सुरू होतं."

पहिल्यांदाच त्या माणसाचा चेहरा सैल झालेला मी पाहिला.

"मग घ्या," म्हणाले आणि चाव्या माझ्या हातात ठेवल्या. पिशवी उचलली, फाटकाला हाताची पालथी बाजू लावली आणि ते उघडून निघून गेले. तो दिवस शनिवार होता. मी उठले आणि बादली भरायला गेले.